झील कोण धरणार?



'झील' हा शब्द आताच्या मुलांसमोर उच्चारला की त्यांच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातलं तळं येतं. त्यांचा दोष नाही. मराठीतली झील ऐकायची वेळच त्यांच्यावर कधी आलेली नाही. शाहीर पोवाड्याची ओळ म्हणतो, तिच्या शेवटी येऊन थांबतो, आणि मागे उभे असलेले साथीदार ती ओळ तिथून उचलतात, सूर लांबवतात, 'जी जी रं जी' करत शाहिराच्या हाती परत देतात. हे झील धरणं. धरणारे ते झीलकरी. तेवढ्या वेळात शाहिराला दम घेता येतो, पुढची ओळ जमवता येते, आणि ऐकणाऱ्याच्या कानात आधीची ओळ पक्की बसते. डफ ताल सांभाळतो, तुणतुणं सूर सोडत नाही, पण पोवाडा उभा राहतो तो झिलीवर. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवताना पोवाड्याचा धडा आला की मी वर्गाचे दोन भाग करायची. एक मुलगा शाहीर आणि बाकी सगळा वर्ग झीलकरी! शेजारच्या वर्गावरचे शिक्षक वैतागायचे, पण त्या कविता मुलांना परीक्षेनंतरही पाठ असायच्या.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे शाहीर अमर शेख. गेल्या २९ ऑगस्टला, त्यांच्या स्मृतिदिनी, आमच्या तालुक्याच्या गावात त्यांच्या गाण्यांची एक रात्र झाली. व्याख्यान नाही, सत्कार नाही, ऑर्केस्ट्रा नाही. सगळ्यांनी बसायचं आणि सगळ्यांनी गायचं. माझा एक जुना विद्यार्थी पुढाकार घेणाऱ्यांत होता. तो घरी येऊन म्हणाला, "बाई, ऐकायला यायचं नाही हं, गायला यायचं." त्या रात्रीबद्दल सांगायचंच आहे, पण आधी हा माणूस कोण ते सांगायला हवं. कारण आपल्या घरातल्या पुढच्या पिढीला 'अमर शेख' म्हटलं की फार तर मल्लिका अमर शेख यांचे वडील एवढंच माहीत असतं, आणि पुष्कळांना तेवढंही नसतं.

अमर शेख आमच्या सोलापूर जिल्ह्याचे. जन्म २० ऑक्टोबर १९१६, गाव बार्शी. मूळ नाव मेहबूब पटेल. घरात गरिबी. आई मुनेरबी, आणि लोकगीतांचं बाळकडू पोराला मिळालं ते या आईकडून. म्हणजे एका मुसलमान घरात आईच्या तोंडून मराठी गाणी ऐकत हा मुलगा वाढला. सोलापूर भागात राहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे जात्याला आणि ओवीला धर्म विचारायची पद्धत नव्हती.

ज्या वयात पोरं गाभुळलेल्या चिंचा शोधत हिंडतात त्या वयात या मुलाने आपल्या जिल्ह्यात काय पाहिलं? १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली. मेहबूब तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढे त्याने मोटारीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत काम केलं, बार्शीच्या कामगारांच्या संपात उतरला, तुरुंगात गेला. विसापूरच्या तुरुंगात त्याला कम्युनिस्ट विचार भेटला. मग काही काळ कोल्हापूरला सिनेमाच्या दुनियेत गेला आणि 'अमर शेख' होऊन बाहेर पडला.

१९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी 'लाल बावटा कलापथक' उभं केलं. अण्णा भाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले. दीड दिवस शाळेत गेले आणि मग शाळेचं तोंड पाहिलं नाही. (आम्हा मास्तर मंडळींनी मान खाली घालावी अशी ही गोष्ट आहे, कारण ते शाळेत का टिकले नाहीत याचं उत्तर शाळेकडेच होतं.) त्यांनी १९४३ साली स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा लिहिला होता. वाटेगावच्या माणसाने मुंबईच्या चाळीत बसून व्होल्गाकाठच्या शहराचा पोवाडा लिहावा आणि तो गिरणगावाने डोक्यावर घ्यावा, असा तो काळ! अण्णा भाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा पहाडी आवाज अशी ती जोडी जमली. अमर शेख स्वतःही कवी होते. 'कलश' हा त्यांचा काव्यसंग्रह १९५८ चा आणि 'धरतीमाता' १९६३ चा.

आता थोडा मागचा इतिहास. तो सांगितल्याशिवाय या तिघांनी काय केलं ते कळणार नाही.

आपल्याकडे उपलब्ध असलेला सगळ्यांत जुना पोवाडा अज्ञानदासाचा, अफझलखानाच्या वधाचा, १६५९ सालच्या घटनेवरचा. त्यानंतर तुळशीदासाचा सिंहगडचा पोवाडा. हे पोवाडे छापले कधी गेले? ॲक्वर्थ नावाचे इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडून गोळा करून पोवाड्यांचा संग्रह काढला तो १८९१ साली. य. न. केळकरांचे 'ऐतिहासिक पोवाडे' त्यानंतर, १९२८ साली. म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ अफझलखानाचा पोवाडा गळ्यांत राहिला. कुणी कुठे उतरून ठेवला असेल तर असेल, पण तो चालू राहिला तो शाहीर आणि त्याचे झीलकरी यांच्या जिवावर. एक शाहीर म्हातारा झाला की मागे उभा असलेला झीलकरी पुढे यायचा. झील धरता धरताच त्याला अख्खा पोवाडा पाठ झालेला असायचा. गुरुकुल म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

पेशवाईत शाहिरांना दरबारचा आश्रय होता. रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर ही नावं आपण शाळेत शिकलो. १८१८ साली पेशवाई गेली आणि आश्रयदाते गेले. मग पोवाडा कुणाच्या दारी जाणार? १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि तो शेतकऱ्याच्या दारी नेला. सत्यशोधकांनी जलसे काढले. पुढे आंबेडकरी जलसे आले, नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांची मंडळी गावोगाव गेली. म्हणजे लाल बावटा कलापथकाच्या आधीच शाहिराचा यजमान बदललेला होता. राजाच्या जागी रयत आली होती.

मला वाटतं, या तिघांच्या काळात आणखी एक बदल झाला, आणि तो झिलीत झाला. तोवर झीलकरी म्हणजे फडातली दोन-चार ठरलेली माणसं. प्रेक्षकाचं काम वाहवा करायचं, फार तर फेटा उडवायचा. गिरणगावच्या सभांत आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत समोर बसलेली माणसंच झील धरू लागली. याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत. सभा भरायच्या आधी लोक जमवायचे असत आणि ते काम शाहिराकडे असे. समोरच्यांपैकी पुष्कळांना अक्षरओळख नसे. भाषण कितीही चांगलं झालं तरी ते ऐकणारा घरी जाईपर्यंत निम्मं विसरतो. पण ज्या ओळीवर त्याने स्वतः दहा वेळा झील धरली ती ओळ त्याच्याबरोबर चाळीत जाते, दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर जाते, डबा खाताना चारजणांत म्हटली जाते. त्या काळात एवढ्या वेगाने पोचणारं वर्तमानपत्र कोणतं होतं?

संयुक्त महाराष्ट्राचा लढा तुम्हाला माहीत आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या चालल्या. १०५ हुतात्मे हा आकडा महाराष्ट्राच्या तोंडी बसला. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे अशी एरवी एकमेकांशी न पटणारी माणसं एका व्यासपीठावर आली. आणि त्या व्यासपीठावर, भाषणांच्या आधी, शाहीर असायचे. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड त्याच काळातली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावी राहिलेली त्याची मैना, आणि त्या ताटातुटीतून पुढे येणारं बेळगाव-कारवार-निपाणीचं दुःख! अमर शेखांच्या गळ्यातून ती सभासभांतून पोचली.

मी अमर शेखांना प्रत्यक्ष ऐकलेलं नाही. पण त्यांचं गाणं मी लहानपणीच शिकले ते आमच्या अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून. अण्णा कापडाच्या दुकानात कारकून होते. कम्युनिस्ट तर मुळीच नव्हते. पक्के वारकरी, दोन्ही एकादश्या करणारे, गळ्यात माळ. सभेहून रात्री उशिरा आले की हातपाय धुताना ते गुणगुणायचे, आणि आम्ही भावंडं जागी असलो तर ओट्यावर बसून म्हणायचे, "चला, मी म्हणतो, तुम्ही मागनं धरा." कीर्तनात टाळकऱ्यांनी मागून धरायची त्यांना सवय होती, तीच रीत त्यांनी इथे लावली. आई आतून ओरडायची, "अहो, शेजारी झोपलेत!" लाल बावट्याच्या शाहिराचं गाणं माळकऱ्याच्या ओट्यावर असं आलं. अण्णांनी त्यासाठी माळ उतरवली नाही आणि गाणंही सोडलं नाही.

आता त्या रात्रीबद्दल.

कार्यक्रम ठरवायला आठ-दहाजण माझ्या विद्यार्थ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात जमले होते. मलाही खुर्ची देऊन बसवलं होतं. गाण्यांची एक चोपडी काढायची आणि प्रत्येकाच्या हातात द्यायची असं ठरलं. मग प्रश्न आला, गाणी कोणती? आणि तिथे चांगलीच जुंपली.

एका निवृत्त अधिकाऱ्यांचं म्हणणं असं, की संयुक्त महाराष्ट्राची गाणी घ्या, महाराष्ट्राच्या गौरवाची घ्या, ती सगळ्यांना चालतात. संपाची, मालक-मजुरांची गाणी आता कशाला? गिरण्याही राहिल्या नाहीत. दोन तरुण कार्यकर्ते उसळून म्हणाले, की उलट तीच गाणी खरी, बाकीची सरकारी समारंभात वाजतातच की. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, की माणूस मुळात कवी होता, त्याच्या निसर्गाच्या आणि आईच्या कविता कुणी वाचत नाही, त्या घ्या. कुणीतरी हळूच सुचवलं, की हल्लीचे दिवस कसे आहेत माहीत आहे ना, पत्रिकेत 'मूळ नाव मेहबूब' वगैरे छापायची गरज आहे का? त्यावर क्षणभर कुणीच बोललं नाही.

कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सूतगिरणीत आयुष्य गेलेलं, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी तोवर तोंड उघडलं नव्हतं. ते म्हणाले, "पाव्हणा बोलवायचा तर अख्खा बोलवा. हात घ्या, पाय नको, असं कुठं असतंय का?"

चोपडीत मग सगळंच आलं. लढ्याची गाणी, कामगारांची गाणी, एक कविता, आणि पहिल्या पानावर बार्शी, मुनेरबी आणि मेहबूब पटेल. मी आणखी एक ओळ घालायला लावली. १९६२ साली चीनने आक्रमण केलं तेव्हा हाच लाल बावट्याचा शाहीर देशाच्या रक्षणाची गाणी गात फिरला होता. ती ओळ वाचून अधिकारी साहेबांना बरं वाटलं आणि कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हटलं, चालू द्या. अख्खा पाहुणा म्हणजे असंच होणार.

कार्यक्रमाच्या रात्री वाचनालयाच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. आधी खुर्च्या मांडल्या होत्या. पहिलं गाणं झालं, आणि गाणारे पुढचे चौघेच. बाकीचे खुर्चीत ताठ बसून मोबाइल उंच धरून चित्रण करत होते. हातात मोबाइल असला की टाळी वाजत नाही, हे माझ्या तिथेच लक्षात आलं. दोन गाण्यांनंतर माझ्या विद्यार्थ्याने खुर्च्या काढायला लावल्या, सतरंज्या अंथरल्या, आणि हात जोडून सांगितलं, "मोबाइल खिशात. आज कुणाला काही दाखवायचं नाही." ज्यांचे गुडघे दुखतात अशा आम्हा सात-आठजणांना भिंतीकडेला खुर्च्या मिळाल्या.

तरीही झील काही उठेना. लोक लाजत होते. त्या दिवशी वेळ निभावून नेली ती दत्ताच्या देवळातल्या महिला भजनी मंडळाने. या बायका दर गुरुवारी भजन करतात. त्यांना अमर शेख कोण हे ठाऊक नव्हतं, पण मागून कसं धरायचं हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पहिली ओळ नीट ऐकून घेतली, आणि दुसऱ्या खेपेला अशी उचलली की हलगी वाजवणारा पोरगा चमकून मागे बघायला लागला! मग पुरुषांचेही गळे उघडले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. लढ्याची दोन-तीन गाणी अशी होती की त्यांचं ध्रुपद सगळ्यांना येत होतं आणि कडवी कुणालाच येत नव्हती. चोपडीत होती, पण वाचून म्हणायला गेलं की चाल सुटायची. त्या सूतगिरणीतल्या आजोबांना एक मोठं गाणं पूर्ण येत होतं. ते उभे राहिले, कानावर हात ठेवला, आणि कडव्यामागून कडवं म्हणत गेले. चोपडीत तीनच कडवी छापलेली, हे पाचव्यावर पोचले. तिथे अडकले. "पुढं... पुढं काय बरं..." असं दोनदा म्हणाले. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. एवढ्यात भजनी मंडळातल्या एका बाईंनी ती ओळ बसल्या जागेवरून म्हटली. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "सासरे म्हणायचे हो. शेतात मोट... नव्हे, इंजिन चालू करून बसले की म्हणायचे. मला काय माहीत हे कुणाचं!"

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्या बाईंनी वर्षानुवर्षं ती ओळ सांभाळली होती आणि ती ओळ कुणाची हे त्यांना माहीत नव्हतं. आणि ज्यांना शाहिराचं चरित्र तारखांसकट माहीत होतं, त्यात मीही आले, त्यांना ती ओळ येत नव्हती. आठवण अशी दोन ठिकाणी वाटली गेली होती. त्या रात्री दोन्ही वाटे एका सतरंजीवर आले म्हणून गाणं पुरं झालं.

संपाच्या गाण्याच्या वेळी मी त्या अधिकारी साहेबांकडे बघत होते. त्यांनी झील धरली. मोठ्याने धरली. त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही, कारण चहाच्या वेळी ते पुन्हा तेच बोलत होते. पण मालकाविरुद्धची ती ओळ त्यांच्या तोंडून चारदा गेली, आणि चीनविरुद्धचं गाणं त्या दोघा कार्यकर्त्यांच्या तोंडून गेलं. भाषणात न पटणारं वाक्य आलं की आपण हाताची घडी घालून बसतो. एकत्र गाताना ती सोय नसते. शेजारचा म्हणतोय, ताल चालू आहे, ओळ आली की म्हणावीच लागते. दुसऱ्याचं दुःख दोन मिनिटं का होईना आपल्या तोंडात घ्यावं लागतं. गाण्याने माणसं बदलतात असा माझा दावा नाही. एवढ्या वर्षांच्या मास्तरकीनंतर असले दावे करू नयेत हे मला कळतं. पण माणसं एकमेकांना ऐकू तरी येतात.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. 'हम होंगे कामयाब' हे गाणं आपण सगळ्यांनी शाळेत म्हटलंय. मी तर शेकडो मुलांकडून म्हणवून घेतलं. हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुर यांचे. पण मूळ गाणं अमेरिकेतलं, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनागीतांतून आलेलं. १९४५-४६ साली साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन गावी तंबाखूच्या कारखान्यातल्या कामगारांनी संप केला. त्यांत काळ्या बायका पुष्कळ होत्या, आणि त्या पहाऱ्यावर उभ्या राहून ते गात. तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत आलं. झिल्फिया हॉर्टन या तिथल्या बाईंकडून पीट सीगर ते शिकले, आणि १९६० नंतर नागरी हक्कांच्या चळवळीचं ते गाणंच झालं. सीगर २७ जानेवारी २०१४ ला वारले, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन. त्यांची गायची तऱ्हा अशी, की ओळ येण्याआधी ती भराभर बोलून दाखवायची आणि मग समोरच्या हजारो लोकांकडून गाऊन घ्यायची. म्हणजे झीलच की हो! आमच्या अण्णांना ते मुळीच परके वाटले नसते.

पण या गाण्यात एक धोकाही दिसतो. गाणं जगभर गेलं, आणि तंबाखूच्या कारखान्यातल्या त्या बायका मागे राहिल्या. आपल्या शाळांत पंधरा ऑगस्टला ते म्हणतात तेव्हा कुणालाच ते संपाचं गाणं आहे हे माहीत नसतं. ध्रुपद उरलं आणि कडवी गेली. अमर शेखांचंही असंच होऊ शकतं. एक मेला दोन गाणी वाजतील, 'महाराष्ट्राचे थोर शाहीर' म्हणून पाटी लागेल, आणि बार्शीची गिरणी, विसापूरचा तुरुंग, मुनेरबीची गाणी, हे सगळं न छापलेल्या कडव्यांसारखं निघून जाईल. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे ही समाधानाची गोष्ट आहे. पण अध्यासन झील धरू शकत नाही.

१९६९ हे साल या दृष्टीने मला विलक्षण वाटतं. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ गेले, पन्नाशीही न गाठता. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. सत्त्याहत्तर दिवसांत त्या व्यासपीठावरचे तीन आवाज बंद झाले. तरी तेव्हा समोर बसणारी माणसं होती. पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यानंतर गिरणगाव हळूहळू उठलंच. कुणी कोकणात परत गेलं, कुणी घाटावर, कुणी कर्जत-कल्याणच्या पुढे. चाळींच्या जागी टॉवर आले. शाहीर गेला तर दुसरा शाहीर येतो, आपल्या इतिहासात तो येतच आलेला आहे. झीलकरीच पांगले की तो कुणापुढे गाणार?

म्हणून माझं तुम्हा सगळ्यांना, विशेषतः घरातल्या मंडळींना, एक सांगणं आहे. तुमच्या घरात, शेजारात ऐंशीच्या आसपासचं कुणी असेल, गिरणीत काम केलेलं, सेवादलात गेलेलं, नुसतं सभांना जाऊन बसलेलं, तर त्यांना जवळ बसून विचारा, "आजोबा, तुम्हाला कोणतं गाणं पुरं येतं?" ध्रुपदावर थांबू नका, कडवी विचारा. लिहून घ्या, आवाज मुद्रित करून ठेवा, मोबाइलचा तेवढा उपयोग करायला माझी हरकत नाही. पण त्याआधी एकदा त्यांच्यामागे झील धरा. त्याशिवाय त्यांना पुढची ओळ आठवायची नाही, हे मी त्या पाचव्या कडव्याच्या वेळी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि आमच्या अण्णांची नातवंडं-पतवंडं हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: दिवाळीला सगळे जमणार आहात. ओटा आता नाही, पण गच्ची आहे. मला अण्णांची तीन कडवी येतात, चौथं धाकट्या काकांना येत असणार. शेजाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवते.